छातीवरचा काठ

"हा? छातीला बांधायचा?" मे बुन्मानं विचारलं.

"हाच," मी म्हटलं. "एवढाच रुंद, असाच घट्ट विणलेला. फक्त नक्षीत रेशमाच्या जोडीनं माझा हा धागा घालायचा."

तिनं हातातल्या पट्टीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा पट्टीकडं. आणि हसली. "होईल की, नू," ती म्हणाली. "का नाही होणार?"

आम्ही तिच्या घराखाली बसलो होतो. थायलंडच्या ईशान्येला, इसानमध्ये, जुनी घरं उंच लाकडी खांबांवर उभी असतात. वर माणसं झोपतात आणि दिवस सगळा खाली जातो. तिथंच तिचा हातमाग होता, बांबूचं बाकडं होतं, कोंबड्या होत्या आणि रेशमाच्या अळ्यांच्या गोल परड्या जाळीखाली झाकून ठेवलेल्या होत्या. मे म्हणजे आई. गावात वयानं मोठ्या बाईला सगळे असंच म्हणतात. आणि नू म्हणजे उंदीर. मोठी माणसं लेकीबाळींना लाडानं तसं म्हणतात. मी पस्तिशी ओलांडलेली, दोन पदव्या घेतलेली, अंगानं चांगली भरलेली बाई होते, पण मे बुन्मापुढं मी उंदीरच होते आणि मला ते आवडायचं.

मी मूळची इचलकरंजीची. आमच्या घराला लागूनच यंत्रमागांचा कारखाना होता, त्यामुळं घरात हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नसे आणि आम्ही सगळे अजूनही ओरडूनच बोलतो. मे बुन्माच्या मागाशेजारी मी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा कोंबड्या उठून परसात गेल्या. वस्त्रविद्या शिकून मी खोनकेन शहरातल्या विद्यापीठात संशोधनाला आले होते. आमचं काम होतं अंगावरच्या कापडाला जरा हुशार करण्याचं. चांदीचा मुलामा दिलेला बारीक धागा रेशमात विणायचा. छाती फुगली की पट्टा ताणला जातो, ताणला की त्या धाग्यांतली वीज किंचित बदलते, आणि काडेपेटीएवढी एक डबी तो बदल टिपून उशाजवळच्या फोनमार्फत माझ्या संगणकावर पाठवते. पडद्यावर माणसाचा श्वास रेघ होऊन उमटतो. कारखान्यातल्या यंत्रावर विणलेले आमचे पट्टे टोचायचे, म्हातारी माणसं ते काढून फेकायची. म्हणून मी हातमागाकडं वळले.

मे बुन्माकडं मला पाठवलं तिच्या लेकीनं. डाव तिचं नाव. ती शेजारच्या तालुक्यात सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि आठवड्यातून एकदा घरी यायची. तिच्या वडिलांना, फो थोंगदींना, हृदयाचा मोठा झटका येऊन गेला होता. फो म्हणजे बाप. ते त्यातून वाचले, पण मे बुन्माची झोप कायमची गेली. नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून ती रात्रभर जागी असायची, हात वरखाली होतोय ना हे बघत.

"पी," डाव मला म्हणाली होती. पी म्हणजे ताई. "फोचं औषध चालू आहे. मला काळजी मेची आहे. तिचा तो हात तेवढा तिथून उचलता येईल असं काहीतरी करा."

एवढं साधं आणि एवढं मोठं काम मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी हरखून गेले. त्यात मे बुन्माच्या घरी ती पट्टी दिसली. तिथल्या बायका नेसतात त्या लुंगीसारख्या वस्त्राला सिन म्हणतात. त्याचा खालचा काठ वेगळा, अरुंद मागावर विणतात आणि मग सिनला जोडतात. मे बुन्माचे काठ पंचक्रोशीत नावाजलेले. लालबुंद रेशमात पिवळे, हिरवे चौकडे, आणि रुंदी नेमकी मला हवी तेवढी. मला तर तयार पट्टाच सापडला. दोन्ही टोकांना रबरी पट्टी लावली की काम झालं.

फो थोंगदी त्या वेळी बाकड्यावर बसून परडी विणत होते. ते दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन रेडकाशी. गळ्यात जाड साखळीत ओवलेल्या बुद्धाच्या चपट्या मूर्ती असायच्या. त्यांनी माझं बोलणं ऐकलं, परडी खाली ठेवली आणि तळ्याकडं निघून गेले. घरामागं कपडे वाळत घातलेली दोरी होती. दोरीखालून गेलं तर तळं दहा पावलांवर, पण ते नेहमी बांबूच्या बेटाला वळसा घालून जायचे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून जात असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मे बुन्मानं पट्टा विणला. असा विणला की चांदीचा धागा कुठला आणि रेशीम कुठलं हे मलाही बोटांनी चाचपून कळेना. मी खूश होऊन आमच्या खोनकेनच्या प्रयोगशाळेत तो सगळ्यांना दाखवून आले. मग एका सकाळी डबी कशी लावायची, पट्टा बरगड्यांवर कुठं बांधायचा हे मी नवराबायकोला समोर बसवून शिकवलं. फो मान डोलवत होते. मे बुन्मानं सगळं मन लावून पाहिलं आणि विचारलं, "नू, तू भात खाल्लास का?"

दुसऱ्या दिवसापासून श्वास येऊ लागला. रात्री टिपलेला श्वास मी सकाळी चहा घेत बघायची. सुरुवातीला रेघ चांगली होती. संथ, सारखी, मधेच एखादा सुस्कारा. मी डावला फोन करून सांगितलं, "तुझे बाबा बाळासारखे झोपतात." ती म्हणाली, "मग मेही झोपत असेल."

पुढं ते बिघडत गेलं. आडवं झाल्यावर थोड्या वेळानं श्वास उथळ आणि भरभर व्हायचा, मग एकदम तुटायचा, मग धाप लागल्यासारखी रेघ वरखाली नाचायची. माणूस उठून बसला की हळूहळू शांत. पुन्हा आडवं झालं की पुन्हा तेच. हृदय थकलेल्या माणसाचं हे लक्षण असतं, एवढं मलाही ठाऊक होतं. मी ते डावला पाठवलं, डावनं डॉक्टरांना, आणि फो थोंगदींना गाडीत घालून शहरात नेलं. ते बिचारे निमूट गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, यांचं हृदय मागच्या वेळेपेक्षा बरं चाललंय, फुप्फुसं साफ आहेत, ही रेघ कुठून आणलीत?

माझा चेहरा पडला. धुताना चांदी उतरली असणार, नाहीतर घामानं धागा खराब झाला असणार, नाहीतर माझी कल्पनाच मुळात चुकीची. काही का असेना, आजारी नसलेल्या म्हाताऱ्याला घाबरवणारा पट्टा काय कामाचा? मी तो परत घ्यायचं ठरवलं. डावची सुट्टी होती, तीही बरोबर आली.

आम्ही पोचलो तेव्हा मे बुन्मा अळ्यांना तुतीचा पाला घालत होती. एकेका परडीशी ती थांबत होती, खांबाला हात टेकत होती. मला वाटलं, लाडानं बघत उभी राहतेय.

"मे, पट्टा दे," मी म्हटलं. "बिघडलाय तो."

"बिघडलाय?" ती कावरीबावरी झाली. "मी चांगला विणला होता."

"विणलाय चांगलाच. दोष माझ्या धाग्यात आहे. फो, एकदा माझ्यासमोर बांधून दाखवा, म्हणजे कुठं सैल पडतोय ते बघते."

फो थोंगदी बाकड्यावर बसले होते. त्यांचा हात गळ्यातल्या मूर्तींवर गेला आणि तिथंच राहिला. मे बुन्मानं पट्टा आणला, पण तो त्यांच्याकडं दिला नाही. दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"नू, भात खाल्लास का?"

"मे," डाव म्हणाली. तिची नजर त्या पट्ट्यावर खिळली होती. तिनं तो आत्ताच पहिल्यांदा पाहिला होता. "हा तर सिनचा काठ आहे."

मे बुन्मानं पट्टा पाठीमागं नेला.

"फोच्या छातीवर सिनचा काठ?" डाव म्हणाली, आणि तोंडावर हात धरून हसू लागली. हसता हसता बाकड्यावर बसली. "पी, कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"मीच सांगितलं," मी म्हटलं. "काय झालं?"

मग तिनं मला समजावलं. बाईच्या कमरेखालचं वस्त्र पुरुषाच्या डोक्यावरून, छातीवरून जाता कामा नये. आणि बुद्धाच्या मूर्तींवरून तर नाहीच नाही, त्यांचं बळ जातं. वाळत घातलेल्या सिनच्या दोरीखालूनही गावातला म्हातारा माणूस जात नाही. आणि मी त्या वस्त्राचा सगळ्यांत खालचा, पायाजवळचा भाग उचलून त्यांच्या हृदयावर बांधायला सांगितला होता.

माझी कानशिलं तापली. आमच्याकडं आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी बाप खुशाल पांघरतो, मला हे कसं सुचणार? "अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी फोंना विचारलं. ओरडूनच विचारलं असणार, कारण कोंबड्या उठल्या.

फो थोंगदींनी मूर्ती शर्टाच्या आत सरकवल्या. "तू लांबून आलीस," ते म्हणाले. "आमच्यासाठी आलीस."

झालं. एवढंच कारण. भीड आम्हालाही कळते. पाहुण्यानं आणलेली नको ती मिठाई आम्हीही गोड म्हणून खातो. पण त्यासाठी कुणी आठवडेच्या आठवडे गप्प बसेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"पण मे," डाव डोळे पुसत म्हणाली, "गावातले पोरगे सैन्यात जाताना आईच्या सिनचा तुकडा खिशात ठेवतातच की. तो चालतो."

"आईचा चालतो," फो म्हणाले. "बायकोचा नाही."

आता मलाही हसू फुटलं. मे बुन्माही हसली, सुटका झाल्यासारखी. "तो बांधत नव्हता, नू. मी बांधत होते. तुझं काम वाया जाऊ नये म्हणून. तू सकाळी वाट बघत असशील ना." आम्ही तिघी हसत होतो, एकमेकींना टाळ्या देत होतो. मी खोनकेनमधल्या मोठमोठ्या डॉक्टरांना काय दाखवलं होतं हे आठवून तर मला आणखीच हसू येत होतं.

आणि डाव एकदम थांबली.

"म्हणजे तो श्वास कुणाचा?" ती म्हणाली.

माझं हसू तोंडातच राहिलं. डावनं आईचं मनगट धरलं, तिला बाकड्यावर बसवलं, गळ्याजवळ बोटं ठेवली, घोट्याजवळ दाबून पाहिलं. ती आता लेक नव्हती, नर्स होती. "रात्री उठून बसतेस?"

"वय झालं आता."

"आडवं झालं की दम लागतो?"

"थोडा. बसलं की जातो."

"किती दिवस?"

"तुझ्या फोची काळजी, त्यामुळं होतं ते," मे बुन्मा म्हणाली. "त्याच्या छातीवर हात ठेवायला उठावंच लागतं मला. त्यात काय?"

त्याच दुपारी तिला तालुक्याला नेलं, तिथून शहरात. हृदयाची एक झडप लहानपणच्या तापानं आखडली होती आणि आता जवळजवळ मिटत आली होती. घरातल्या सगळ्यांनी इतकी वर्षं फोंचं हृदय सांभाळलं होतं, आणि तिच्याकडं कुणी, तिनं स्वतःसुद्धा, बघितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करायला हवं. मे बुन्मा म्हणाली, विचार करून सांगते. आणि घरी परत आली.

तिचा विचार कधीच झाला होता. ती जाणार नव्हती.

"मी तिकडं पडले तर याला रात्री कोण बघणार?" ती म्हणाली. आम्ही पुन्हा त्याच बाकड्यावर होतो. गाडी अंगणात उभी होती, डावनं पिशवी भरून आत ठेवली होती.

"मी बघीन," डाव म्हणाली.

"तू माझ्यापाशी असशील की त्याच्यापाशी?"

"शेजारी आहेत."

"शेजारी झोपतात."

डाव चिडली, मग रडली. मी माझ्या मोडक्या थाईत समजावलं, की फोंनी पट्टा बांधला तर रात्रभर रेघेवर मी नजर ठेवीन. मे बुन्मा माझा हात थोपटत राहिली, जणू आजारी मीच होते. तिला मरणाची भीती नव्हती असं नाही. मी तिचे डोळे पाहिले होते, त्यांत भीती होती. पण आपला हात उचलला आणि त्याच रात्री तो वरखाली व्हायचा थांबला, तर? ही भीती त्याहून मोठी होती, आणि तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता.

फो थोंगदी खांबाला टेकून उभे होते. ते पुढं आले. दोन्ही हातांनी गळ्यातली साखळी काढली, मूर्ती कपाळाला लावून डोळे मिटले, ओठ हलले. मग साखळी बायकोच्या गळ्यात घातली. तिनं आकसून मान मागं घेतली, पण त्यांनी हळूच तिचे केस साखळीतून सोडवले. तरुणपणापासून त्यांच्या गळ्यातली ती साखळी आंघोळीलाही निघाली नव्हती, असं डाव मागाहून म्हणाली.

मग त्यांनी मागावरचा पट्टा उचलला. शर्टाची बटणं काढली आणि तो लाल काठ आपल्या उघड्या छातीभोवती गुंडाळला. रस्त्यावरून दोन शेजारी चालले होते. ते थबकले, बघत राहिले. फोंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि डबी लावायला लागले. डबीचं बटण बसेना.

मे बुन्मानं पट्ट्याकडं पाहिलं. "उलटा बांधलास," ती म्हणाली. उठली, पट्टा सोडला, सुलटा केला, बरगड्यांवर नेमका बसवला आणि डबी लावली. काम झाल्यावरही तिचा हात तिथून हलला नाही. त्यांनी तो उचलला आणि तिच्या स्वतःच्या छातीवर ठेवला.

"जा," फो म्हणाले.

ती गाडीत बसली.

तेही बरोबर येणार होते, पण मे बुन्मानं गाडीच्या खिडकीतून बजावलं. अळ्या कोश करण्याआधीच्या शेवटच्या भुकेवर आल्या होत्या, दिवसातून कितीतरी वेळा पाला घालावा लागत होता. "तू इथं थांब. तिकडं मला बघून कोसळलास तर दोन खाटा लागतील."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आत नेताना गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. तिनं साखळी माझ्या हातात दिली. "खाली ठेवू नकोस, मांडीवरही नको. त्याच्या आहेत." म्हणून मी ती माझ्या गळ्यात घातली आणि बाहेरच्या बाकावर बसले. इचलकरंजीची कोष्ट्याची पोर, गळ्यात इसानमधल्या म्हाताऱ्याचे बुद्ध. डाव येरझाऱ्या घालत होती. मला काहीच करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी संगणक उघडला.

श्वास येत होता. दिवसाउजेडी.

"फोंनी पट्टा काढला नाही?" मी विचारलं. "रात्रीपुरताच बांधायचा, सांगितलं नव्हतंस का?"

"सांगितलं होतं," डाव म्हणाली. "दोनदा."

रेघ बारीक होती, तोकडी. अर्धा श्वास घ्यायचा आणि सोडून द्यायचा, पुन्हा अर्धा. झटका वगैरे नव्हता तो. डावनं नीट पाहून मला तसं सांगितलं. कान देऊन काहीतरी ऐकणारा माणूस असाच श्वास घेतो. तिथं परड्यांमध्ये पाला घालत तो माणूस असा उभा असेल, हे मला बसल्या जागी दिसत होतं. दुपार झाली, कलली. रेघ तशीच होती.

मग दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. झडप बदलली होती, हृदय आपलं आपण चालू लागलं होतं. डावनं हात जोडले. मग तिनं फोन लावला आणि मलाही ऐकू येईल असा धरला.

"फो, झालं. मे बरी आहे. चांगलं झालं सगळं."

पलीकडं अळ्या पाला खातानाची सरसर ऐकू येत होती.

"फो? ऐकलंत ना?"

"हं," फो थोंगदी म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पाला घालायचाय." आणि फोन ठेवला.

"बघा," डाव डोळे पुसत म्हणाली. "एवढंच. दुसरं एक अक्षर नाही. मेनं यांच्यासाठी जन्म काढला आणि हे म्हणतात, पाला घालायचाय."

मी पडद्याकडं बघत होते. रेघ थांबली होती. सपाट, इतका वेळ की मी घाबरून उठून उभी राहिले. मग ती चढू लागली. चढत गेली, इतक्या दिवसांत कुणाचीच कधी गेली नव्हती इतकी वर, पडद्याच्या कडेपर्यंत. तिथं जरा टेकली आणि थरथरत, तुटक तुटक, खूप वेळ खाली येत राहिली.

"हे काय?" डावनं विचारलं. "बिघडलं का?"

"नाही," मी म्हटलं. "तुझे बाबा आहेत."

ती बघत राहिली. रेघ पुन्हा भरून वर आली, पुन्हा तशीच उतरली. मग आम्ही दोघी त्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, खुशाल रडलो.